मदत हवी आहे: 'ब्रश ऑफ'मधला आघात मुलांच्या कानांत कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

मी संध्याकाळी मुलामुलींना इंग्रजी संभाषण शिकवते. बहुतेक जण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. वाचतात नीट, पण ऐकताना आणि बोलताना अडतात. सध्या आमची गाडी 'ब्रश ऑफ'वर अडली आहे. एखाद्याला उडवून लावणं, त्याचं म्हणणं धड ऐकूनही न घेता वाटेला लावणं, या अर्थाचा.

अर्थ मुलांना लगेच कळला. "म्हणजे वाटाण्याच्या अक्षता लावल्या ना मॅडम," असं एक मुलगी पटकन म्हणालीसुद्धा. अडचण आहे ती उच्चाराची. हाच शब्द नाम म्हणून येतो तेव्हा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'ब्रश'वर पडतो: 'ही गेव्ह मी द ब्रशऑफ'. क्रियापद होतं आणि मध्ये सर्वनाम येतं, तेव्हा जोर शेवटच्या 'ऑफ'वर जातो: 'ही ब्रश्ट मी ऑफ'. 'टेकऑफ', 'चेकआउट', 'हँडआउट' यांचंही तसंच. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे मुलांचा कान तिकडे वळतच नाही. दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात म्हणतात आणि मी फरक करून दाखवला की "दोन्ही सारखंच ऐकू येतंय," म्हणतात.

भूतकाळाचं रूप हा आणखी एक त्रास. 'ब्रश'च्या शेवटी अघोष ध्वनी (म्हणताना गळा थरथरत नाही असा) आहे, म्हणून पुढच्या 'ईडी'चा उच्चार 'ट' होतो: ब्रश्ट, वॉश्ट, पुश्ट. मुलं 'ब्रशड' म्हणतात. पुढे 'हिम' आलं की घाईच्या बोलण्यात त्यातला 'ह'ही गळतो. परवा एक संवाद वर्गात पुन्हा पुन्हा लावला. कागदावर तीन शब्द होते, स्पीकरमधून मात्र 'ब्रश्टिमॉफ' असा एकच शब्द आला. एका मुलाने वहीत तो शब्द तसाच उतरवून घेतला आणि कोशात शोधत बसला. फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी या मुलांना हवी आहे, तिथे असंच इंग्रजी कानावर पडणार. म्हणून मला हे सोडून पुढे जायचं नाही.

व्याकरणाचं बऱ्यापैकी जमलंय. सर्वनाम मधेच यायला हवं, 'ब्रश ऑफ हिम' चालत नाही, हे त्यांना पटलंय. नाम असेल तर ते मध्येही चालतं आणि नंतरही: 'ब्रश्ट द क्रिटिसिझम ऑफ' किंवा 'ब्रश्ट ऑफ द क्रिटिसिझम'. कर्मणी प्रयोगात 'आय वॉज गिव्हन द ब्रशऑफ', आणि बोलताना सरळ 'आय गॉट द ब्रशऑफ'. 'ब्रश ऑफ' हा वाक्प्रचार अनौपचारिक आहे, अर्जात किंवा तक्रारीच्या पत्रात वापरू नका, हेही बजावलंय.

आता माझे प्रश्न.

आघातातला फरक आधी ऐकायला शिकवावा की आधी बोलायला लावावं? बाकावर टिचकी मारून जोर दाखवायचा प्रयत्न केला, पण मुलं प्रत्येक अक्षराला सारखीच टिचकी मारतात. तुम्ही वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलेला एखादा सराव असेल तर सविस्तर लिहा.

दुसरं, या प्रयोगातला 'द' मुलं हमखास गाळतात. 'द सॅक', 'द बूट', 'द कोल्ड शोल्डर', 'द ब्रशऑफ' हे सगळे हाकलण्या-टाळण्याचे प्रयोग 'गिव्ह'बरोबर 'द' घेऊनच येतात, म्हणून ते एकत्र शिकवावेत असा विचार आहे. 'द सॅक' म्हणजे नोकरीवरून काढणं आणि 'ब्रशऑफ' म्हणजे नुसतं टाळणं. एकदम दिल्याने अर्थांची सरमिसळ होईल का?

तिसरं, 'ह' गाळून बोलायला शिकवावं, की फक्त ऐकून ओळखता आलं तरी पुरे? माझा कल ओळखण्याकडे आहे. 'ह' स्पष्ट म्हटला तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही, उलट अर्धवट गिळलेला उच्चार मात्र गोंधळ करतो. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

वर्गात वीसेक मुलं, एक फळा आणि एक ब्लूटूथ स्पीकर एवढंच साधन आहे. प्रत्येकाकडे चांगला फोन नाही, त्यामुळे घरी अ‍ॅपवर सराव करायला सांगता येत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कुठल्याही धाटणीचे सावकाश बोललेले संवाद माहीत असतील तर तेही सुचवा. पुढच्या आठवड्यात हाच पाठ पुन्हा घेणार आहे.