बाळंतपणात स्वसंमोहन आणि श्वासाचे व्यायाम: कळा खरंच सुसह्य होतात का?

उचगावची सून
गेल्या श्रावणात माझं पहिलं बाळंतपण झालं. माहेर खानापूर तालुक्यातलं, दवाखाना बेळगावातला. आठव्या महिन्यात ओळखीच्या एका ताईंनी मला स्वसंमोहन शिकवलं. नाव ऐकूनच सासूबाई घाबरल्या, "कोण भुरळ घालतंय काय तुला?" तसं काही नसतं. माणूस पूर्ण जागा असतो. रोज रात्री वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं, कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा आणि श्वास सावकाश सोडताना ठरलेलं एकच वाक्य मनात म्हणायचं. माझं वाक्य होतं, "कळ येते तशी जाते."

त्या दिवशी आईला आत माझ्याजवळ बसू दिलं होतं. कळ चढायला लागली की माझी मूठ आपोआप वळायची आणि आई माझी बोटं एकेक करून उघडायची. मूठ उघडली की खांदे उतरायचे, मग जबडा सुटायचा. दुखायचं कमी झालं असं मी म्हणणार नाही. खरं दोन कळांच्या मधली ती तीन-चार मिनिटं माझी होती. त्यात मला डुलकीसुद्धा लागली! माझं मत सरळ आहे: हे प्रत्येक सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला शिकवलं पाहिजे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

निपाणीकर
मला पटत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अशाच एका वर्गात पैसे भरून शिकवलं होतं. तिथे सांगितलं, मन तयार असेल तर कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन (एपिड्युरल) लागत नाही. चौदा तास कळा दिल्यावर तिनं पाठीतलं इंजेक्शन मागितलं आणि मग बाळ कुशीत घेऊन रडत बसली, "मला जमलं नाही" म्हणून. तिचं काय चुकलं होतं? दुखणं सोसणं म्हणजे परीक्षा आणि इंजेक्शन म्हणजे नापास, हे तिच्या डोक्यात त्या वर्गानं घातलं.

पुरावाही बघा. डेन्मार्कमध्ये १,२२२ पहिलटकरणींवर प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये ६८० जणींवर झाला, तो २०१५ मध्ये. दोन्हीकडे स्वसंमोहन शिकलेल्या बायकांनी पाठीतलं इंजेक्शन जवळपास इतरांएवढंच घेतलं. मग शिकवायचं कशाला?

भूलतज्ज्ञ, बेळगाव
आकडे बरोबर आहेत, पण अर्धे सांगितलेत. त्याच ब्रिटिश प्रयोगात संमोहन शिकलेल्या बायकांची बाळंतपणानंतरची भीती आणि चिंता कमी दिसली. कॉक्रेन ही संस्था जगभरचे प्रयोग एकत्र तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात नऊ प्रयोग आणि २,९५४ बायका धरल्या होत्या. निष्कर्ष असा, की एकूण वेदनाशामक औषधं थोडी कमी लागत असावीत, पाठीतल्या इंजेक्शनात मात्र फरक नाही.

भीतीनं अंग ताठरतं, ताठरल्यानं जास्त दुखतं, दुखण्यानं भीती वाढते, हे चक्र ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरानं १९३० च्या दशकातच मांडलं. ते मला रोज दिसतं. पण माझ्याकडे "मी फक्त श्वासावर काढणार" म्हणत आलेली बाई मध्येच इंजेक्शन मागते, तेव्हा तिला ते लगेच मिळालं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये पाठीतलं इंजेक्शन आणि शिथिलीकरण, दोन्हींची शिफारस केली आहे, ज्या बाईला जे हवं ते. १८४७ मध्ये एडिनबरोत सिम्पसन नावाच्या डॉक्टरानं बाळंतिणीला भुलीसाठी क्लोरोफॉर्म दिला, तेव्हाही बाईनं सोसलंच पाहिजे असं म्हणणारे होतेच. ते बोलणं आता संमोहनाच्या नावानं परत नको.

कणकुंबी
तुम्ही शहरातलं बोलताय. आमच्याकडे पावसाळ्यात जांबोटीच्या जंगलातून बेळगाव गाठायचं म्हणजे गाडीतच कळा वाढतात. पाठीतलं इंजेक्शन द्यायला रात्री दोनला भूलतज्ज्ञ कुठून आणायचा? आणि सरकारकडे पैसा असेल तर तो आधी जीव वाचवण्यावर जाऊंदे. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांचा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळंतपण झाल्या झाल्या मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे रक्तस्राव रोखणाऱ्या, गोळ्या दिल्या, तर जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. गावातल्या नर्सबाईंनी केलेलं काम ते. असं काहीतरी आधी, डोळे मिटून पडणं नंतर.

निवृत्त सिस्टर
कणकुंबीचं म्हणणं मला मान्य, खरं श्वास शिकवायला पैसा लागत नाही. लागते ती भिंतीजवळ एक खुर्ची, बाळंतिणीच्या आईसाठी. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ प्रयोग होते, पंधरा हजारांवर बायका. कळा देताना सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझर कमी होतात, कळांचा वेळही थोडा कमी होतो. संमोहनापेक्षा हा पुरावा भक्कम आहे. उचगावच्या सूनबाई, तुमचं श्रेय मी निम्मं त्या बोटं उघडणाऱ्या आईला देते.

आणि एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही. मी नोकरीत तीस वर्षं काढली, बहुतेक कन्नड बोलणाऱ्या सिस्टरांबरोबर. घाबरलेली पोर खेड्यातून यायची, मराठीशिवाय काही कळत नसायचं. सिस्टर मायेनंच सांगायची, "अंजब्याड," म्हणजे घाबरू नको. पोरीला वाटायचं आपल्यावर ओरडतात. तेच उलटही व्हायचं, कन्नड पोर आणि मराठी सिस्टर. ज्या वाक्यावर अंग सैल सोडायचं ते ऐकताक्षणी आत उतरलं पाहिजे. कळ ऐन भरात असताना कोण मनात भाषांतर करत बसणार?

निपाणीकर
सिस्टर, सोबतीचं मान्य. वर्ग घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी "इंजेक्शन मागितलंस तरी चालेल" हे वाक्य शिकवावं, मग माझा विरोध नाही. तोवर आहे.

उचगावची सून
निपाणीकर, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. मला शिकवणाऱ्या ताईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ते वर लिहायला हवं होतं. कणकुंबीकर, गाडीतल्या त्या वेळात गोळीही नाही आणि इंजेक्शनही नाही, तिथं श्वासच आहे, म्हणून तर म्हणते की शिकवा. सिस्टर, माझ्या जाऊबाईचे दिवस जानेवारीत भरतात. ती धारवाडकडची, घरात मराठी बोलते खरं रडते कन्नडमध्ये. अंजब्याडच्या पुढची चार वाक्यं लिहून द्याल का? आत तिच्याजवळ मी बसणार आहे.