सभागृहाच्या एलईडी स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट

रत्नागिरीच्या सभागृहाच्या एलईडी स्क्रीनसाठी कॉन्ट्रास्ट (पांढरा रंग काळ्याच्या किती पट उजळ, ते प्रमाण) ५०००:१ घ्यावा की १००००:१, असं तुम्ही विचारलंत. हे आकडे अंधाऱ्या खोलीत मोजलेले असतात हो! तुमच्या खिडक्या समुद्राकडे. स्क्रीनवर ३०० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडला आणि पृष्ठभागाने त्यातला ५ टक्के परतवला, तर काळा रंगच जवळपास ५ निट्सचा (निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं माप) होतो. मग ६०० निट्सच्या स्क्रीनवर कॉन्ट्रास्ट उरतो साधारण १२५:१, दोन्हींवर तेवढाच. जादा पैसे त्या आकड्यावर घालू नका. काळ्या मॅट (बिनचमकीच्या) पृष्ठभागाचं मॉड्यूल, म्हणजे स्क्रीन ज्यांनी जोडून बनते तो तुकडा, घ्या, पश्चिमेला जाड पडदे लावा. खाऱ्या हवेसाठी वरून लेप हवाच, पण चकचकीत नको. त्यात खिडक्याच दिसतील. दुकानात दिवे चालू ठेवून बंद स्क्रीन बघा. राखाडी वाटली तर सोडून द्या.