उजनी तुडुंब असताना भिगवणला पक्षी कमी का दिसतात?

भीमाकाठ (प्रश्न):
भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात आम्ही बहुतेक हिवाळ्यांत पक्षी पाहण्यास जातो. ज्या वर्षी पाऊस भरपूर होऊन उजनी जलाशय डिसेंबरातही भरलेला असतो, त्या वर्षी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उशिरा येतात किंवा तुरळकच दिसतात. मुबलक पाणी पाणपक्ष्यांच्या हिताचे नसते काय? की प्रदूषणामुळे पक्षी पाठ फिरवीत आहेत? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

पाणटिवळा:
निरीक्षण बरोबर आहे, मात्र एका हंगामातील उशिरावरून पक्षी घटल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पाणी किती आहे यापेक्षा ते किती उथळ आहे, हे या पक्ष्यांच्या लेखी महत्त्वाचे असते. रोहित मान खाली वाकवून, चोच उलटी धरून आणि पायांनी गाळ ढवळून त्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. शेकाट्या आणि तुतवार यांना तर घोटाभर पाणी आणि ओला चिखलच लागतो. धरण भरलेले असताना पाणी थेट शेतांच्या बांधाला भिडते आणि ही चिखलपट्टी बुडून जाते. पुढे सिंचनासाठी पाण्याची आवर्तने सुटून काठ उघडा पडू लागला की पक्षी उतरतात, म्हणून अशा वर्षी जानेवारीनंतर जाणे श्रेयस्कर. पट्टकदंब हंसांचे गणित थोडे निराळे आहे, कारण मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे हंस काठचे गवत आणि पिकांचे कोवळे कोंब खुडूनही पोट भरतात.

गाळपेर:
वरील खुलासा पटतो, तरी प्रदूषणाचा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात येते आणि त्यावर जलपर्णी पोसली जाते. कमळपक्षी तिच्या पानांवरून खुशाल चालतो, जांभळ्या पाणकोंबडीलाही आडोसा मिळतो. परंतु उथळ काठ तिने झाकून टाकला की चिखलात चोच खुपसणाऱ्यांना जागाच उरत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या गाळावर आम्ही काठचे शेतकरी पीक घेतो. धरणात जमिनी गेलेल्यांना ही गाळपेर नाकारणे मला न्याय्य वाटत नाही, पण पाण्यालगतचा थोडा पट्टा पडीक ठेवण्याविषयी गावोगावी बोलणे शक्य आहे.

भीमाकाठ:
दोघांचेही आभार. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरलाही हीच अडचण येते का?

पाणटिवळा:
तेथे तुलनेने कमी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील त्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आहेत. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तोच पक्ष्यांच्या पथ्यावर पडला, आणि हे स्थळ राज्यातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. उजनीला जाणार असाल तर नावाड्याला थव्यात नाव घालू नका, असे आधीच स्पष्ट सांगावे. रोहितांनी एकदम माना ताठ करून एका दिशेने चालायला सुरुवात केली, म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत; इंजिन तेथेच बंद करावे. उडतानाच्या छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उठवण्याचा आग्रह पर्यटकच धरतात, नावाड्याला दोष देण्यात अर्थ नाही.