मदत हवी आहे: मुख्य विषय संख्याशास्त्र, मायनर (दुय्यम विषय) म्हणून क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) घ्यावं का?

नमस्कार. पुढच्या सत्रापासून मायनर निवडायचा आहे आणि माझा ओढा क्रिमिनॉलॉजीकडे आहे. हे कुणाला सांगितलं की लगेच त्यांना बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग आठवतात. ते फॉरेन्सिक झालं. मला गुन्हा का घडतो, कुठे घडतो आणि तो मोजायचा कसा, हे शिकायचं आहे.

वाचत गेले तशी ओढ वाढलीच. पोलिसांकडची नोंद म्हणजे घडलेले सगळे गुन्हे नव्हेत. कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत. मग नोंदी वाढल्या तर गुन्हे वाढले की तक्रार करणारे वाढले? यासाठी लोकांनाच थेट विचारणारी पीडित सर्वेक्षणं करतात. नमुना निवड, गाळलेली माहिती, वर्गात शिकलेलं सगळं इथे कामाला येतं.

अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञ वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी १९४५ साली जन्मलेल्या, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या सुमारे १० हजार मुलांच्या पोलीस नोंदी तपासल्या. जेमतेम ६ टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. अशी मुलं आधीच ओळखता येतील का, हा प्रश्न लगेच डोक्यात येतो, आणि त्याचीच मला भीतीही वाटते. गस्त जिथे जास्त तिथे नोंदीही जास्त. त्या नोंदींवर उभं केलेलं मॉडेल पुन्हा त्याच वस्तीकडे बोट दाखवणार. चुकीच्या मुलावर शिक्का बसला तर त्याचं काय? हे समजून न घेता नुसती आकडेमोड करत राहणं मला पटत नाही.

समाजशास्त्र कधीच शिकले नाही, तर सिद्धांतांचा पेपर झेपेल का? मोजक्या क्रेडिटमध्ये कोणते पेपर सोडू नयेत? आणि हिंसेबद्दल, पीडितांबद्दल सतत वाचताना तुम्ही स्वतःला कसं सांभाळलंत?

प्रतिसाद:

झेपेल. इटालियन विचारवंत बेकारियाच्या १७६४ मधल्या शिक्षाविचारापासून अमेरिकी अभ्यासक कोहेन-फेल्सन यांच्या १९७९ च्या मांडणीपर्यंत बहुतेक सिद्धांत साध्या भाषेत सांगता येतात. गुन्हा करायला तयार माणूस, सोपं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव एकत्र आले की गुन्हा घडतो, ही कोहेन-फेल्सन यांची मांडणी तर तुम्हाला आकड्यांत तपासताही येईल. सिद्धांतांचा पेपर पहिल्याच सत्रात घ्या. संशोधन पद्धतीचा बराच भाग तुमचा झालेला असेल, त्यातून सूट मिळाली तर त्या जागी पीडितशास्त्र (गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास) घ्या. अभ्यासक्रमात आर्थिक गुन्हे आहेत ना, तेही बघा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सदरलँडनं १९३९ मध्येच प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं, तरी काही ठिकाणी शिकवणं चोरी-मारामारीपुढे जात नाही.

शेवटच्या प्रश्नाबद्दल: प्रकरणं वाचायची ती दिवसा, आणि शक्यतो कुणाबरोबर. अंगावर आलेलं एखादं प्रकरण असेल तर शिक्षकांना स्पष्ट सांगून दुसरं मागा. मी मागितलं होतं, मिळालं.