मदत हवी आहे: आईबाबांसोबत हस्कीची स्लेज, ट्रोम्सो (नॉर्वे) की रोव्हानिएमी (फिनलंड)?

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्मनीत असतो, मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक. येत्या जानेवारीत आईबाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी येतायत आणि बाबांनी पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी मागितलंय, बर्फात कुत्री ओढतात ती गाडी बघायचीय म्हणे. बघायची म्हणजे त्यात बसायचंच आहे, पण ते तसं कधी म्हणणार नाहीत. बाबा पशुधन पर्यवेक्षक होते, ३४ वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हाच, "ओझं येतं कुठं गं, गळ्यावर का छातीवर?" जू नीट बसलं नाही की बैलाच्या खांद्याला आवाळू येतं, अशी कितीतरी जनावरं त्यांच्या हाताखालून गेलीत. मी शोधून सांगितलं की हार्नेस गळा मोकळा ठेवतो, छातीवरून येऊन पाठीवर फुली मारतो, आतून मऊ अस्तर असतं आणि ओढ शेपटीजवळच्या दोरीला जाते. तेव्हा कुठे "मग ठीक आहे" म्हणाले.

आता अडचण सांगते. मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. पैसे भरपूर घेतले, पाच मिनिटांची एक फेरी, फोटो, उतरा, आणि त्याच कुत्र्यांना लगेच पुढची फॅमिली. आमच्या गाडीतलं एक करड्या रंगाचं कुत्रं थांबलं की पुढचा डावा पंजा उचलून चाटत होतं, बोटांच्या मधे बर्फाचे खडे अडकले होते आणि तिथली कातडी लालभडक झाली होती. त्यासाठी कापडी बूट मिळतात, पण एकाही कुत्र्याच्या पायात नव्हते. मी गाइडला दाखवलं तर म्हणाला काही होत नाही. मी गप्प बसले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर असं झालं तर ते तिथेच बर्फात बसून पंजा हातात घेतील, मग ट्रिप राहिली बाजूला.

म्हणजे मुख्य प्रश्न हा की चांगलं केनेल, म्हणजे ही कुत्री पाळून फेऱ्या देणारी जागा, बुकिंगच्या आधी ओळखायचं कसं? कुत्री बारीक दिसतात यावरून काही ठरवता येत नाही हे मला आता कळलंय, कारण बहुतेक ठिकाणी अलास्कन हस्की असतात, ती पळण्यासाठी तयार केलेली मिश्र जात आहे, सडपातळ असते, निळ्या डोळ्यांचे केसाळ सायबेरियन वेगळे. निघायच्या आधी ती जिवाच्या आकांताने भुंकतात तेही त्रासाने नाही, पळायची घाई असते, गाडी सुटली की एकदम चिडीचूप. मग बघायचं काय? म्हातारी कुत्री कुठे जातात हे विचारलं तर खरं सांगतात का?

दुसरं, जागा. ट्रोम्सो समुद्राकाठी, गल्फ स्ट्रीम या समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे थंडी त्या मानाने कमी, पण त्यामुळेच कधी कधी पाऊस पडून बर्फाचा चिखल होतो असं वाचलं. रोव्हानिएमीला बर्फाची खात्री जास्त, पण उणे २५ सुद्धा होऊ शकतं, आणि बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण एवढ्या थंडीत कोणी हार्टच्या पेशंटला नेलं असेल तर अनुभव सांगा. व्हिसाचा प्रश्न नाही, नॉर्वे ईयूत नसलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांत आहे. ट्रोम्सोला जायचं तर २१ जानेवारीनंतर जाऊ, तोपर्यंत डोंगराआडून सूर्यच दिसत नाही आणि आईला अंधाराने कसंतरी होतं.

तिसरं, गाडी स्वतः हाकायची की गाइडच्या गाडीत बसायचं? स्वतः हाकताना गाडीखालच्या घसरायच्या पट्ट्यांच्या मागच्या टोकांवर उभं राहून ब्रेक पायाने दाबायचा आणि काही झालं तरी हँडल सोडायचं नाही, कारण तुम्ही पडलात तरी कुत्री थांबत नाहीत. मी आणि नवरा करू, पण बाबांच्या गुडघ्यांना जमेल असं वाटत नाही. आई आणि लेक बसूनच येतील. आईला लहानपणी कुत्रं चावलंय, पोटात १४ इंजेक्शनं घेतली होती, तरी ती बाबांसाठी येतेय.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी मेल टाकले, कुत्री दिवसाला किती किलोमीटर पळतात, सुट्टी कधी, म्हातारी झाल्यावर काय. दोघांनी नुसतं रेटकार्ड पाठवलं. तिसऱ्या बाईंनी पानभर उत्तर लिहिलं, रिटायर झालेल्या चार कुत्र्यांची नावं आणि कोण कोणाच्या घरी आहे ते सुद्धा, आणि बाबांना आधी तासभर केनेलमध्ये फिरवून हार्नेस घालायला देते म्हणाल्या. ट्रोम्सोजवळच आहे, तिथेच करतोय. फक्त जेवणात रेनडिअरचं सूप असतं, आईसाठी शाकाहारी काय मागता येईल?

आणि बाबांनी काल अजून एक विचारलंय. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतो, तसं या कुत्र्यांच्या छातीला संध्याकाळी काही चोळतात का? कोणाला माहीत असेल तर हेही सांगा.