फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी नेमकी कधी आणि कशी बदलावी?

प्रश्न (पुणे)

माझ्याकडे दोन वर्षांपासून फॅलेनॉप्सिस जातीचे एक ऑर्किड आहे. जानेवारीत उमललेली फुले एप्रिलअखेरपर्यंत टिकली आणि गेल्या आठवड्यात शेवटचे फूल गळले. आता खालची दोन पाने मऊ पडून त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्या आहेत आणि चार-पाच मुळे काठावरून बाहेर डोकावत आहेत. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, रोपवाटिकेतून आली तीच आहे. आठवड्यातून दोनदा पाणी देऊनही पाने सुरकुतत असल्यामुळे पाणी वाढवावे की कुंडी बदलावी, हे ठरत नाही. बदलायची झाल्यास मे महिन्याच्या उन्हात बदलावी की पावसाळा संपेपर्यंत थांबावे, आणि माती किती घालावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (रत्नागिरी)

माती अजिबात घालू नये. ही वनस्पती मुळात झाडांच्या सालीवर वाढणारी असून तिच्या मुळांवर पाणी शोषून घेणारे स्पंजासारखे आवरण असते. त्या आवरणाला पाण्याइतकीच हवाही लागते. आमच्याकडे आंब्याच्या खोडावर वाढणारी आमरी, म्हणजे रानातले ऑर्किड, पावसात चिंब भिजते आणि पाऊस उघडला की तिची मुळे लवकरच वाळतात. कुंडीतही तेवढेच साधायचे असते.

मुळे बाहेर आली म्हणजे कुंडी अपुरी पडली, असे नव्हे. हा या जातीचा स्वभावच आहे. काळजी आहे ती सुरकुत्यांची, कारण मुळे तहानलेली असोत वा कुजलेली असोत, पाने दोन्ही वेळा सारखीच दिसतात, आणि कुजलेल्या मुळांना अधिक पाणी मिळाले तर रोप हातचे जाते. त्यामुळे पाणी वाढवण्यापूर्वी कुंडीच्या पारदर्शक भिंतीतून पाहावे. निरोगी मूळ भिजल्यावर हिरवे आणि वाळल्यावर चंदेरी दिसते. तपकिरी आणि लिबलिबीत असेल, तर ते कुजलेले समजावे. एरवी फुले संपून नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागली की दर दोन वर्षांनी कुंडी बदलावी, परंतु मुळे कुजली असतील, तर ऋतूची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ती

आपण सांगितल्याप्रमाणे आज रोप बाहेर काढले. कडेचे सालीचे तुकडे कोरडे होते, पण मधोमध मुठीएवढा मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) गोळा ओलाच होता आणि त्याला आंबूस वास येत होता. त्यातील मूळ चिमटीत धरताच वरचे आवरण सरकून हातात आले आणि मागे नुसता दोऱ्यासारखा तंतू राहिला. बाहेरची सात मुळे मात्र टणक आहेत.

उत्तर (रत्नागिरी)

तो गोळा रोप लहान असतानाचा आहे. पुष्कळ रोपवाटिका तो तसाच ठेवून भोवती साल भरतात. मुळे कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवली, म्हणजे ती लवचिक होतात. मग मॉस हलक्या हाताने पूर्ण काढून टाकावे. कात्रीची पाती स्पिरिटने पुसून किंवा ज्योतीवर धरून कुजलेला भाग टणक भागापर्यंत कापावा. सातच मुळे उरली असल्यामुळे मोठी कुंडी घेऊ नये. ती मुळे जेमतेम मावतील एवढीच, तळाला आणि बाजूंना भोके असलेली कुंडी पुरे. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि लाकडी कोळसा वापरावा, मात्र सोडण आधी दोन-तीन दिवस भिजत घालून पाणी बदलत राहावे, कारण त्यात क्षार असतात आणि ते मुळांची टोके जाळतात. सर्वांत खालच्या पानाचा बुडखा मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. तीन-चार दिवस पाणी न देता रोप सावलीत ठेवावे आणि नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये.

उत्तर (ठाणे)

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. कापलेल्या टोकांना अनेक जण दालचिनीची पूड लावतात. ती केवळ कापलेल्या जागीच लावावी, कारण निरोगी मुळांवर पडल्यास ती त्यांना कोरडे करते. तसेच पुण्याच्या मे महिन्यातील हवा कोरडी असल्यामुळे उरलेल्या सात मुळांवर ताण येईल, म्हणून रोपाजवळ पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, पण पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. एकदा माझ्या रोपाचा शेंडा अशाच साचलेल्या पाण्याने एका आठवड्यात काळा पडला होता. जून उजाडल्यावर हवेतील ओलावा मदतीला येईल, तरीही कुंडी पावसाच्या थेट माऱ्यात ठेवू नये.

फुलांचा दांडा अजून हिरवा असला, तरी तो बुडापासून कापून टाकावा. एरवी त्याच दांड्याच्या पेरातून पुन्हा फुले येऊ शकतात, परंतु आता रोपाला आपली सारी शक्ती मुळे फुटण्यासाठी लागणार आहे.