गतिमंद म्हणजे नक्की काय?

मंडळी, एक शंका आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो पण बुद्धिबळात भल्याभल्यांना हरवतो. परवा गणपतीच्या मिटिंगमध्ये कुणीतरी त्याला गतिमंद म्हणालं तर त्याची आई जाम भडकली. मला तर वाटायचं गतिमंद हा सभ्य शब्द आहे?

— तिथेच तर घोळ आहे ना. मतिमंद टोचतो म्हणून लोक गतिमंद म्हणायला लागले, पण ऐकणारा अर्थ तोच घेतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडलेला असतो, म्हणजे चालणं, हात, जीभ वगैरे. बुद्धीवर काहींच्या परिणाम होतो, काहींच्या अजिबात नाही. त्या आईचं बरोबरच आहे, उद्या शाळेतही हाच शब्द चिकटला तर गणित येणाऱ्या पोराला रंग भरायला बसवतील.

— सरकारी भाषेत १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यापर्यंत मतिमंदत्वच होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आलं आणि अपंगत्वाची यादी ७ वरून २१ प्रकारांवर गेली, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डिस्लेक्सियासारख्या लर्निंग डिसॅबिलिटी सगळे आहेत. आता सर्टिफिकेटवर नेमकं काय लिहून येतं ते महत्त्वाचं, घरी काय म्हणता त्याने परीक्षेत जादा वेळ मिळत नाही.

— आणि कृपा करून मनोरुग्ण म्हणू नका. आजार वेगळा, ही जन्मापासूनची किंवा लहानपणापासूनची वाढीतली अडचण वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मतिमंदत्व मानसिक आजारात धरत नाही असं स्पष्ट म्हटलंय.

— ऑटिझमला मराठीत स्वमग्न म्हणतात, त्याबद्दल बोलू का? माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. शब्द ऐकायला छान, पण नातेवाईक म्हणतात अगं रमतोय स्वतःत, लाजाळू आहे, बोलेल पुढे. या 'बोलेल पुढे' मध्ये स्पीच थेरपीची महत्त्वाची वर्षं जातात हो. आणि मग्न कसला, मिक्सर लावला की दोन खोल्या पलीकडून कान झाकून रडतो. मी सरळ ऑटिझम म्हणते.

— बरं मग सोसायटीच्या नोटिशीत काय लिहू, दिव्यांग? विशेष मूल?

— नोटीस कशाची आहे?

— लिफ्टपर्यंत रॅम्प करायचाय त्याची.

— मग 'रॅम्प करायचा आहे' एवढंच लिहा की! म्हाताऱ्यांना पण लागतोच तो.